भूजलाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, अध्यापकाचे सप्टेंबरमध्ये का?

प्रति,
माननीय संपादक,

विषय : ‘नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन’ शिकविणाऱ्या अध्यापकाची नेमणूक

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत शहरातील एका महाविद्यालयाची छोटी जाहिरात वाचली. ‘नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन’ हा विषय शिकविण्यासाठी तासिका तत्त्वावर एक अध्यापक नेमावयाचा आहे, पात्रता विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे, नेमणूक चालू शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, इच्छुकांनी मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस उपस्थित राहावे, एवढाच तिचा मजकूर होता. महाविद्यालयाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका संस्थेबद्दल नाही. अशा जाहिराती दरवर्षी निघतात, त्यांचा मसुदा साधारण हाच असतो आणि इतर विषयांना तो कदाचित चालतही असेल. या विषयाला तो का चालत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

मी प्राध्यापक नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षणाच्या कामात तीस वर्षांहून अधिक काळ घालवून निवृत्त झालेला भूवैज्ञानिक आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर लोकांच्या विहिरीत फीत सोडून पाणी किती खोल आहे ते लिहून आणणे हा माझा व्यवसाय होता. निवृत्तीनंतर दोनदा अशाच पदाच्या निवड समितीत बाहेरचा जाणकार म्हणून बसण्याचा योग आला. तेथे जे पाहिले ते या जाहिरातीमुळे पुन्हा आठवले.

नाशिकमध्ये हा विषय शिकविला जावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. या जिल्ह्याच्या एका टोकाला इगतपुरी तालुका वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलतो, आणि येवला, नांदगावकडे जाता जाता तोच पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. एवढा फरक पाहण्यासाठी विद्यार्थ्याला एस.टी.च्या एका तिकिटापेक्षा जास्त खर्च येत नाही. त्यातही नवख्या माणसाला न पटणारी गोष्ट अशी, की त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या ज्या पाड्यांवर आषाढात छत्री टिकत नाही, त्याच पाड्यांवर मे महिन्यात बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. पाणी धरायला मुरुमाचा आणि मांजऱ्या खडकाचा थोडा थर, पाषाणातल्या भेगा, एवढीच काय ती जागा. ती भरली की उरलेला पाऊस दमणगंगा, नार, पार या नद्यांवाटे पश्चिमेला निघून जातो. ज्या विषयाचा पहिला धडा दाराशी असा उघडा पडला आहे, त्याला अध्यापकही त्या धड्याच्या मापाचा हवा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘चालू शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत’ या चार शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, ते जाहिरात लिहिणाऱ्यांनी कधी दिनदर्शिका समोर ठेवून पाहिले आहे काय? प्रवेश पूर्ण व्हायचे, विद्यार्थीसंख्या ठरायची, तीवरून कार्यभार निश्चित व्हायचा, मग जाहिरात, मग मुलाखती, मग विद्यापीठाची मान्यता, असे करता करता तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्गात पाऊल ठेवतो तेव्हा गणपती विसर्जन होऊन गेलेले असते. मार्चमध्ये अभ्यासक्रम संपला की त्याचे तास संपतात आणि एप्रिलमध्ये तो कार्यमुक्त होतो. भाषा किंवा वाणिज्य शिकविणाऱ्यावर यात आर्थिक अन्याय होतो, आणि तो मोठाच आहे, परंतु त्याच्या विषयाचे काही बिघडत नाही. नैसर्गिक संसाधनांच्या अध्यापकाचा मात्र विषयच या मांडणीत अर्धा कापला जातो.

भूजलाच्या निरीक्षण विहिरींची पातळी आपल्या राज्यात जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. यांपैकी दोन नोंदींवर सारा हिशेब उभा असतो : पाणी सर्वांत खोल गेलेले असते ती मे महिन्याची आणि ते सर्वांत वर आलेले असते ती ऑक्टोबरची. या दोहोंतला फरक म्हणजे पावसाने जमिनीत काय टाकले याचे माप. सप्टेंबरअखेर रुजू होणाऱ्या अध्यापकाला विहीर भरलेलीच दिसते. ती तळाला जाण्याआधी त्याची नेमणूक संपते. बँकेच्या खात्यात फक्त जमेची बाजू पाहणाऱ्या आणि खर्चाची पाने न उघडणाऱ्या हिशेबनिसासारखी त्याची स्थिती होते, आणि दोष त्याचा नसतो.

हे किती महत्त्वाचे आहे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या गावाचे क्षेत्र ५०० हेक्टर आहे, मे आणि ऑक्टोबरच्या पातळ्यांत सरासरी ५ मीटरचा फरक पडला, आणि तेथला खडक आपल्या आकारमानाच्या २ टक्के पाणी मोकळे सोडतो असे धरले. (आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये हे प्रमाण साधारण एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असते.) तर त्या पावसाळ्याने गावाच्या पोटात टाकलेले पाणी ५ लाख घनमीटर भरते. आता ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे घ्या. त्याच्या बाजूंचा उतार एकास एक धरला तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरून, विहिरींवर मोटार लावून भरलेली अशी सव्वादोनशे शेततळी त्या गावाचे संपूर्ण वर्षाचे भूजल उपसून उन्हात आणून ठेवतील. सिन्नर, निफाड, चांदवड, येवला या भागांतल्या मुलांच्या घरी अशी तळी आहेत. काहींचे शिक्षणही त्याच तळ्यावर पिकलेल्या द्राक्षांवर आणि कांद्यावर चालले आहे. ही आकडेमोड फळ्यावर दहा मिनिटांत होते. परंतु तीतला ‘५ मीटर’ हा आकडा पुस्तकात मिळत नाही. तो आणायला मे महिन्याच्या उन्हात विहिरीवर जावे लागते, आणि त्या वेळी महाविद्यालयाच्या हजेरीपटावर अध्यापकच नसतो.

भूजल हे माझे क्षेत्र म्हणून मी ते आधी सांगितले, पण इतर संसाधनांचीही गोष्ट निराळी नाही. पश्चिमेकडच्या तालुक्यांत मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. नागली-भाताचे राब (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या पसरून जाळणे) पावसापूर्वी एप्रिल-मेमध्ये भाजले जातात. राब जंगलाला किती मारतो आणि रोपाला किती तारतो हा वाद वर्गात घालायचा असेल तर पेटलेला राब एकदा डोळ्यांनी पाहिलेला असावा. वणवेही याच महिन्यांत लागतात. मातीचे नमुने रब्बीचे पीक निघाल्यावर आणि खरिपाच्या पेरणीआधी घेणे सोयीचे असते. पाटबंधारे खात्याचे सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि त्यातला उन्हाळी हंगाम १ मार्चपासून पुढे चालतो. कालव्याच्या शेपटीला पाणी पोहोचते की नाही याची खरी परीक्षा याच हंगामात लागते. १ मेची ग्रामसभा, जिच्यापुढे सामूहिक वनहक्काच्या आराखड्यापासून पाणीटंचाईपर्यंत सारे विषय येतात, तीही परीक्षांच्या धामधुमीत निघून जाते. निसर्गाची बहुतेक कामे ज्या तीन महिन्यांत उघडी पडतात, नेमके तेच तीन महिने आपण या अध्यापकाला घरी बसवतो.

प्राचार्यांची बाजू मला ठाऊक आहे. मंजूर पदे रिक्त आहेत, कायम भरतीला परवानगी मिळत नाही, तासिकांचे मानधन शासन जेवढ्या काळाचे देते तेवढ्याच काळाची नेमणूक करता येते, असे ते सांगतात आणि ते खोटे नाही. तरीही हातात असलेल्या नियमांतून वाट निघू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) मिळाले आहेत, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. या विषयाचे क्षेत्रीय प्रकल्पाचे तास उन्हाळ्यात ठेवावेत, वेळापत्रकात तसे आधीच छापावे आणि त्या तासांचे मानधन नेमणूकपत्रात लिहून द्यावे. निवडीची प्रक्रिया जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण करून नेमणूक जूनपासून करावी. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. लागतो तो थोडा आगाऊ विचार. क्षेत्रभेटीचा एक दिवस म्हणजे किती तास, हेही एकदाचे ठरवून टाकावे. सकाळी सहाला निघून पेठ तालुक्यातून रात्री आठला परतणाऱ्या अध्यापकाच्या नावावर दोन तास लिहिले गेल्याचे मी पाहिले आहे. पुढच्या वर्षी त्याने मुलांना महाविद्यालयामागच्या बागेत नेले, आणि मला त्याचा राग आला नाही.

मानधनाबद्दल अधिक लिहीत नाही. ते कमी आहे आणि उशिरा मिळते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता मुलाखतींविषयी. ज्या दोन समित्यांत मी बसलो त्यांपैकी एकीत एक उमेदवार फार तयारीचे होते. उपग्रह प्रतिमांवरून जमिनीच्या वापरातले बदल शोधण्यावर त्यांचे शोधनिबंध होते, नेट ही अध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होते, बोलणेही स्वच्छ होते. मी त्यांना विचारले, “विहिरीच्या कठड्यावरून फीत सोडली, पाणी आठ मीटरवर लागले. वहीत पातळी किती लिहाल?” ते म्हणाले, “आठ मीटर.” कठडा एक मीटर उंच असेल तर जमिनीपासून पाणी सात मीटरवर असते, आणि शेजारच्या विहिरीला कठडाच नसेल तर दोन्ही आकडे एकत्र घेऊन काढलेली सरासरी चुकीची ठरते, एवढेच मला ऐकायचे होते. प्रश्न अवघड नव्हता. एक उन्हाळा विहिरींवर हिंडलेल्या माणसाला तो प्रश्नच वाटला नसता.

त्याच दिवशी आणखी एक उमेदवार आले होते. ते पेठकडचे. एम.एस्सी. झालेले, काही वर्षे पाणलोटाच्या कामावर घालविलेली, पण नेट किंवा सेट नव्हती. विहिरीची खोली त्यांनी मीटरमध्ये न सांगता परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीवरून धरलेल्या जुन्या मापात, सांगितली, तेव्हा समितीतल्या एका सदस्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. त्यांच्या गावात एका विहिरीला बारमाही पाणी आणि वीस पावलांवरची दुसरी जानेवारीतच कोरडी, असे का, हे विचारल्यावर त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला आणि दोन पुस्तके घेऊन मधल्या खडकाची उभी भिंत, जिला आम्ही डाइक म्हणतो, पाणी कसे अडवते ते दाखविले. ती भिंत वरून कशी ओळखायची, तिच्या कोणत्या अंगाला विहीर घ्यायची आणि गावातल्या वयस्कर माणसांना हे पुस्तकावाचून कसे माहीत असते, हेही सांगितले. चार मिनिटांत त्यांना निरोप देण्यात आला. ते पात्रतेत बसत नव्हते, आणि नियमाच्या दृष्टीने समितीचे बरोबरच होते. निवड पहिल्या उमेदवारांची झाली. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी पुढे माझ्याकडून फीत कशी सोडायची ते शिकूनही घेतले. परंतु वशिला नसताना, सारे नियम पाळूनही निवड चुकू शकते, याची जाणीव मला त्या दिवशी झाली.

जाता जाता एक गोष्ट नोंदवितो. “क्षेत्रभेटींना जाणे जमेल ना?” हा प्रश्न दोन्ही समित्यांत विचारला गेला आणि दोन्ही वेळी तो केवळ महिला उमेदवारांनाच विचारला गेला. पाणी भरणे, सरपण आणणे, बियाणे राखणे ही कामे ज्यांच्या हाती आहेत त्या बायकांशी ओट्यावर बसून बोलण्याची पाळी येते तेव्हा पुरुष अध्यापकाला ते जमेल ना, असे मात्र कोणी विचारले नाही.

नेट-सेटची अट काढून टाका असे माझे म्हणणे नाही. ती काढली तर त्या फटीतून कोण आत येईल हे आपल्या राज्यात सांगावे लागत नाही. अडचण निराळी आहे : ‘नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन’ हा नेटचा स्वतंत्र विषय नाही. भूगोलवाला येतो, पर्यावरणशास्त्रवाला येतो, वनस्पतिशास्त्रवाला येतो, आणि प्रत्येक जण आपल्या खिडकीतून दिसेल तेवढे शिकवितो. म्हणून परीक्षेने पात्र ठरलेल्या उमेदवारांतून निवड करताना वर्गातला पाठ घेण्यापुरते न थांबता एक पाठ बाहेर घ्यायला लावावा. फार लांब जायला नको. रामकुंडाच्या काठावर त्यांना उभे करावे आणि सांगावे, “सिंहस्थाच्या निमित्ताने या पात्रातल्या कुंडांचा तळ काँक्रीटने झाकला गेला, ते काढण्यासाठी नागरिकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. काँक्रीटखाली काय होते आणि ते झाकल्याने नदीचे काय झाले, हे प्रथम वर्षाच्या मुलांना पंधरा मिनिटांत समजावून सांगा.” पात्रातले जिवंत झरे, नदी आणि भूजल यांचे देणेघेणे, गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्यावर वाहणारी नदी आणि आपल्या झऱ्यांवर वाहणारी नदी यांतला फरक, तीरावरचे कारखाने आणि सांडपाणी, सारे त्या पंधरा मिनिटांत येते. ज्याला ते आणता येत नाही त्याचे शोधनिबंध कितीही असोत.

पेठच्या त्या उमेदवारांसारख्या माणसांना आत घेण्याची एक सनदशीर वाटही आता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेल्या व्यक्तीला औपचारिक पदवीची अट न घालता नेमता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, पण मंजूर पदांना धक्का न लावता करायच्या असतात आणि कमाल मुदत तीन वर्षांची, अपवाद म्हणून आणखी एका वर्षाची असते. कायम पद रिकामे ठेवून त्यावर हा स्वस्त पर्याय बसवू नये, आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीला बगल देण्यासाठी तर मुळीच वापरू नये. नियमित अध्यापकाच्या जोडीला मात्र तो फार उपयोगी आहे. पदनाम ऐकून या सूचना मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांसाठीच आहेत असा अनेक संस्थांचा समज झालेला दिसतो.

तो समज बरोबर नाही. नाशिक जिल्ह्यात या विषयाचे जाणकार शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागत नाही. कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात) मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. ज्याचे शेत त्याने स्वतः पाणी धरायचे नाही, कारण मग शेजाऱ्यावर अन्याय होतो. आज जगभरच्या विद्यापीठांत सामाईक संसाधनांचे व्यवस्थापन या नावाने जे शिकवितात, ते आपल्याकडे पाटकऱ्याच्या फावड्यात होते. पाटकऱ्याचे काम केलेली म्हातारी माणसे अजून काही गावांत भेटतात. त्यांना वर्गात बोलवायला उशीर केला तर भेटणार नाहीत. दिंडोरी तालुक्यात वाघाडचा पाटबंधारे प्रकल्प आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाच्या सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा २००५ चा. ही माणसे त्याच्या पुष्कळ आधी पाणी घनमापाने मोजून घेत होती. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज कसा भरतात, आवर्तन पुढे ढकलले तर कोणाचे नुकसान होते, शेपटीच्या शेतकऱ्याला आधी पाणी का द्यावे, पाणीपट्टी बुडवणाऱ्या भावकीतल्या माणसाला कसे समजवावे, हे त्यांच्याकडून ऐकायला हवे. शहरात महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, निफाडला कृषी संशोधन केंद्र आहे, मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. येथे निवृत्त होणारी माणसे सकाळी फिरायला जातात आणि वर्तमानपत्र वाचतात. त्यांना कोणी विचारीत नाही.

तरीही क्षेत्रातला अनुभव म्हणजे सर्वस्व नव्हे. अध्यापकाकडे आणखी एक गोष्ट लागते, आणि ती मला या साऱ्यांत सर्वांत अवघड वाटते. नाशिकच्या वर्गात जायकवाडीचा विषय निघतो तेव्हा काय करायचे? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर असे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरले तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय वातावरण होते ते आपल्या दैनिकातच रोज छापून येत होते. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा आणि वैजापूरकडून शिकायला आलेली मुलगी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेली असतात. अध्यापक स्वतः येथलाच असतो. त्याच्याही घरी बाग असते. अशा वेळी खोऱ्याचा हिशेब, वहनातली तूट, पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क, उसाखालचे क्षेत्र, वरच्या आणि खालच्या दोघांच्याही तक्रारींतले खरे आणि खोटे, हे सगळे आवाज न चढविता मांडायला विषयाच्या ज्ञानाबरोबर धीर लागतो. निवड समितीने हा प्रश्न अवश्य विचारावा आणि उमेदवार कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता, ज्या बाजूचा तो नाही तिचे म्हणणे त्याला नीट सांगता येते की नाही, तेवढे पाहावे. नांदूर मधमेश्वरचा गाळही असाच प्रश्न. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या त्या बंधाऱ्यात गाळ साचला म्हणून पाणीसाठा घटला, आणि गाळ साचला म्हणूनच पाणथळ जागा तयार होऊन पक्षी आले, इतके की २०२० मध्ये ती राज्यातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. गाळ काढावा की ठेवावा, याचे एका वाक्यात उत्तर देणारा उमेदवार मी तरी नेमणार नाही.

हे सर्व जरा ताणून सांगण्याचे कारण म्हणजे एक जुना अनुभव. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरणाचा सहामाही अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवीला सक्तीचा झाला, तेव्हा आमच्यासारख्या लोकांना फार आनंद झाला होता. प्रत्यक्षात ज्याच्या कार्यभारात तास कमी पडत होते त्याच्याकडे तो विषय गेला. माझ्या एका पुतण्याने त्याचा प्रकल्प म्हणून नंदिनी नदीच्या प्रदूषणावर चाळीस पानांची वही दिली होती. नंदिनी त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर वाहते. वही त्याने आधीच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवून घेतली होती, आणि त्यातली छायाचित्रे दुसऱ्याच कुठल्या तरी नदीची होती. त्याला चांगले गुण मिळाले. नवा विषय त्याच वाटेने जाऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

संबंधित महाविद्यालयाच्या मुलाखती अजून व्हायच्या आहेत असे जाहिरातीवरून दिसते. त्यांना माझी विनंती मर्यादित आहे. यंदाची नेमणूक व्हायची तशी होईल. परंतु नेमणूकपत्रात मे महिन्याचे क्षेत्रकार्य आणि त्याचे मानधन ही एक ओळ वाढवावी, आणि पुढच्या वर्षीची जाहिरात फेब्रुवारीपूर्वी काढावी. मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांना तासाभरासाठी गोदाकाठी न्यावे. समितीत वाघाडच्या पाणीवापर संस्थेतला एखादा अनुभवी शेतकरी निमंत्रित म्हणून बसवावा. मत देण्याचा अधिकार नसला तरी प्रश्न विचारण्याचा असू द्यावा.

निवड ज्या कोणाची होईल त्यांच्यासाठी माझ्याकडे तीस मीटरची एक पोलादी फीत पडून आहे, टोकाला शिशाचे वजन लावलेली. शेवटच्या हातभर भागावर खडू घासून ती विहिरीत सोडायची, म्हणजे खडू जिथपर्यंत भिजला ते वर काढल्यावर स्पष्ट दिसते. तिच्यासोबत आमच्या भागातील एका विहिरीच्या गेल्या अकरा वर्षांच्या नोंदींची वहीही देईन. कठड्याची उंची पहिल्या पानावर लिहिली आहे. मे महिन्याची पुढची नोंद त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन करावी. मला आता पायऱ्या उतरवत नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूवैज्ञानिक
गंगापूर रोड, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे स्वतंत्रपणे दिला आहे.)